खिशातले गहू

थंडीची पहिली बातमी टेलरताईच्या दुकानात झिप घेऊन येते. वर्षभर कपाटात लोंबकळत पडलेली जाकिटं लोक एकदम बाहेर काढतात, झिप ओढतात, ती गळ्याशी अडकते आणि मग माणसं तशीच आवळलेली दुकानात येतात, की आधी मला यातून बाहेर काढा. त्या दिवसांत ताईला मान वर करायला फुरसत नसते. जिन्याखालची एक खोली, एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला टेकलेला जाकिटांचा ढीग. नवा कपडा ती शिवत नाही. दुसऱ्याने शिवलेलं आणि नंतर बिनसलेलं ताळ्यावर आणणं, हाच तिचा धंदा.

तिचे वडील रस्त्यापलीकडे, बाजाराच्या बाजूच्या दाराशी, उघड्यावर बसत. कुलूपवाले. डोक्यावर पत्रा, पुढ्यात किल्ल्या कापायचं मशीन, मागे आकड्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. किल्ली कापणं काय, कोणीही कापेल, असं ते स्वतःच म्हणत. त्यांचं खरं काम किल्ली हरवलेलं कुलूप उघडण्याचं. दोन बारीक तारा आत घालायच्या, डोळे मिटायचे आणि बोटांनी ऐकायचं. ‘कुलूप बोलतं, पण हळू बोलतं,’ हे वाक्य त्यांनी जन्मभर इतक्यांदा ऐकवलं होतं की शेजारची मोजेवालीसुद्धा गिऱ्हाइकाला तेच सांगे. लेकीलाही त्यांनी लहानपणी शिकवायला घेतलं होतं. तिचं बोट आपल्या बोटाखाली धरून तार फिरवायचे. लेक चार-सहा कुलपं शिकली आणि उठली. मला गप्प बसणारी वस्तू आवडते, म्हणाली, आणि सुई हातात घेतली. बापाला वाईट वाटलं असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. दाखवणं हा त्या घराण्याचा गुणच नव्हे.

पत्नी गेल्यावर ते बाजारामागच्या दोन खोल्यांत एकटे राहत. लेकीने आणि जावयाने किती वेळा सांगून पाहिलं, आमच्याकडे या. त्यांचं उत्तर ठरलेलं: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. सत्तरी कधीच उलटली होती, पण सकाळी पत्र्याखाली जाऊन बसलं की माणूस ताठ व्हायचा. ताईला हे पक्कं ठाऊक होतं. या माणसाच्या हातातून कुलपं काढून घेतली, तर मागे फक्त एक म्हातारा उरेल, आणि तो म्हातारा फार दिवस टिकणार नाही. तिला दुसऱ्या कशाची भीती नव्हती, याची होती.

आणि या थंडीत नेमक्या त्यांच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. कोरी किल्ली आकड्यावरून काढताना निसटायची. कोटाचं बटण भलत्याच काजात जायचं. एकदा तर गिऱ्हाइकाची किल्ली हातात आहे की नाही, हे त्यांनी खाली बघून तपासलं. ताई रस्ता ओलांडून डबा द्यायला आली होती, तिने पाहिलं. काय झालं विचारलं तर म्हणाले, थंडी आहे गं, बोटं आखडतात.

मग काय, आखडलेली बोटं सैल करणं हे तर टेलरचंच काम. त्या संध्याकाळी तिने हातशेकण्या शिवायला घेतल्या. खिशात मावतील एवढ्या छोट्या पिशव्या, आत दाणे भरायचे, तव्यावर गरम करायच्या आणि मुठीत धरून बसायचं. दुकानात कोटाच्या अस्तराच्या चिंध्या रग्गड पडल्या होत्या, म्हणून पहिली जोडी तिने त्याच गुळगुळीत अस्तराची शिवली. तव्यावर ठेवल्याबरोबर अस्तर वितळलं, तव्याला चिकटलं आणि घरभर असा वास सुटला की नवऱ्याने खिडक्या उघडल्या. नवरा बस चालवतो. तो म्हणाला, आमच्या डेपोत टायर जळतं तेव्हा असाच वास येतो. टेलरबाईला कापडाची पारख नाही, ही बातमी त्याने पुढचे कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरली.

दुसऱ्यांदा तिने डोकं वापरलं. नवऱ्याचा एक जुना सुती फ्लॅनेलचा शर्ट होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. त्याच्या पाठीचे तळहाताएवढे चौकोन कापले. बाबांना मूठ वळायला लावून माप आधीच घेतलं होतं. दोन चौकोन उलटे जोडून चारी बाजूंनी शिवण मारली, एका बाजूला दोन बोटं जागा सोडली, तिथून पिशवी उलथून सुलट केली आणि पेन्सिलीच्या टोकाने कोपरे बाहेर काढले. घरात दळायला आणलेले गहू होते. ते निवडले, कागदाचा कोन करून त्यातून भरले. गच्च भरले नाहीत, थोडी जागा ठेवली, म्हणजे पिशवी मुठीत हवी तशी बसते. सोडलेली जागा हाताने शिवून बंद केली, इतक्या बारीक टाक्यांनी की शोधून सापडू नये. मंद आचेवर खालीवर केल्या तर गव्हाचा खरपूस वास आला, आणि मुठीत धरल्यावर ऊब पार कोपरापर्यंत चढली. नवऱ्याने त्या हातात घेऊन पाहिल्या. “माझा शर्ट ना हा? म्हणजे सासरेबुवांनी शेवटी मला खिशात घातलंच.”

पिशव्या बाबांना दिल्या, तव्याची रीत समजावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती विचारायला गेली, तर बाबांच्या हातात मोजे. काळे, लोकरीचे, शेजारणीकडून घेतलेले. ताई बघतच राहिली. हातमोजे घालून कुलूप उघडायचं म्हणजे घोंगडी पांघरून सुईत दोरा ओवायचा, असं म्हणणारा हा माणूस. तिने पिशव्यांचं विचारलं. फार छान आहेत, ते म्हणाले, खिशातच आहेत. त्यांनी खिसा थोपटून दाखवला. मोजेवाली काहीतरी बोलायला गेली आणि अचानक मोजे रचण्यात गर्क झाली. ताईला वाटलं, हिला माझ्या पिशव्यांचा राग आला असेल. हिच्या धंद्यावर गदा. थोडी खूशही झाली.

पुढे जे घडलं त्यात मात्र खूश होण्यासारखं काही नव्हतं. एका सकाळी ताईची शटरची किल्ली हातातून सुटून गटाराच्या जाळीत गेली. दुसरी किल्ली नव्हती. कुलूपवाल्याच्या लेकीकडे दुसरी किल्ली नव्हती, याला म्हणतात दिव्याखाली अंधार. कुलूप बाबांनीच कधीकाळी बसवलेलं, जाडजूड पितळी, आणि जोडकिल्ली कापून देतो असं तेव्हापासून म्हणत होते. त्यांना बोलावलं. ते आले, मोज्यांसकट गुडघ्यावर बसले, तारा आत घातल्या, डोळे मिटले. मोजे काढा की, असं ताई म्हणाली. थंडी आहे, असं म्हणाले. बराच वेळ गेला. तार दोनदा निसटून खाली पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली आणि खिशात घातली.

“गंजलंय. कापून टाक. नवीन घे.”

कुलूप कापणं म्हणजे दात दुखतो म्हणून मान उडवणं, हेही त्यांचंच वाक्य. जन्मात त्यांनी कोणाचं कुलूप कापू दिलं नव्हतं. गंजलेली, चिखल भरलेली, रंगाने बुजलेली कुलपं त्यांनी बोलती केली होती. आणि हे तर दर थंडीत तेल पाजलेलं, लेकीच्या दुकानाचं कुलूप. ते उठले, गुडघे झटकले आणि रस्ता ओलांडून निघून गेले, मागे न बघता.

तिने कुलूप कापलं नाही. दुकानाला जिन्याच्या बोळातून एक अरुंद मागचं दार होतं, त्याची किल्ली होती. त्या दिवसापासून ती तिथून जाऊ लागली आणि गिऱ्हाइकंही कचऱ्याचे डबे चुकवत तिथूनच येऊ लागली. शटर बंद म्हणून भर दिवसा दिवा लावून काम. लोकांनी विचारलं तर सांगायची, सीझन संपला की बघू. खरं कारण असं की ते कुलूप कापलं तर काहीतरी कायमचं कापलं जाईल, असं तिला वाटत होतं.

आणि बोटं आखडतात ना, मग ऊब कमी पडते आहे, असा तिने निष्कर्ष काढला. हुशार माणूस एकदा चुकीच्या रस्त्याला लागला की भरधाव जातो. तिने दुसरी जोडी शिवली. पहिलीच्या दुप्पट मोठी, लांबट, फ्लॅनेल दुपदरी, त्याच डब्यातल्या गव्हाने भरलेली. तव्यावर तापवून बघायलाही थांबली नाही, तशाच नेऊन दिल्या. यानंतर बाबांनी जे वर्णन केलं ते ऐकून कोणाही शिवणाऱ्या बाईचं मन भरून आलं असतं. सकाळी तव्यावर ठेवतो, चहा होईपर्यंत तापतात. दुपारपर्यंत ऊब राहते. उजव्या खिशातली डावीपेक्षा जरा जास्त वेळ राहते, का कुणास ठाऊक. ताईने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की उजव्या पिशवीत मूठभर गहू जास्त पडले असणार.

तरी हातातून वस्तू पडायच्या थांबल्या नाहीत. पत्र्यापाशी येऊन गिऱ्हाईक सांगे, घरचं कुलूप अडकलंय, चला. आणि बाबा म्हणत, आज जमणार नाही, दुसरीकडे बघा. किल्ल्या तेवढ्या कापत राहिले, कारण ते मशीन डोळ्यांनी चालतं. एरवी ताई काचेआडून बघायची, पण आता शटर बंद. तिला दिसतही नव्हतं. तिला हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळत होतं.

मग थंडीत अवेळी पाऊस झाला. सुया टोचल्यासारखा, आडवा. पत्र्याने काय अडणार. बाबा चिंब होऊन घरी गेले, कोट न्हाणीघराच्या दाराआड, गरम पाण्याच्या नळाच्या वर अडकवला आणि दुसऱ्या दिवसापासून जुना कोट घालून बसू लागले. ओला कोट ते विसरूनच गेले. आठवडाभराने, सुट्टीच्या दिवशी, ताई नेहमीसारखी त्यांचे उसवलेले, धुवायचे कपडे गोळा करायला गेली. न्हाणीघराचं दार लोटलं, तर कोटाच्या खालच्या खिशातून हिरवं काहीतरी डोकावत होतं. आधी तिला वाटलं, दोऱ्याचा गुंता आहे. हात लावला. दोरा नव्हता. कोवळी, बोटभर उंचीची गव्हाची रोपं होती, फ्लॅनेलच्या विणीतून, तिच्या त्या बारीक टाक्यांच्या मधून अंग काढून वर आलेली.

ती हसत सुटली. बाबांच्या खिशात शेत उगवलंय, नवऱ्याला सांगायला हवं. तिने मोठ्या पिशव्या बाहेर काढल्या, दोन्ही हिरव्यागार, खाली पांढऱ्या मुळांचं जाळं. मग वरचा खिसा चाचपला. तिथे पहिली, छोटी जोडी होती. तीही तशीच भिजलेली, फुगलेली, आंबूस वासाची. पण तिच्यात मोड नव्हता. एकाही दाण्याला नव्हता. तिने शिवण उसवून पाहिलं.

तिचं हसू थांबलं. एकाच डब्यातले गहू. एकाच कोटात, एकाच पावसात भिजलेले. छोट्या पिशव्या तिने स्वतः तव्यावर तापवल्या होत्या. ते दाणे केव्हाच भाजून मेले होते. मोठ्यांमधले मात्र जिवंत होते. म्हणजे मोठ्या पिशव्यांनी तवा बघितलाच नव्हता, एकदाही नाही. मग चहा होईपर्यंत तापतात, दुपारपर्यंत ऊब राहते, उजवीतली जास्त वेळ राहते, हे सगळं काय होतं?

बाबा बाहेर खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करत होते. घरातही हातात मोजे. ताईने हिरव्या पिशव्या त्यांच्यापुढे टेबलावर ठेवल्या. त्यांनी पाहिलं, आणि कुलूपवाल्याचा चेहरा असा झाला की चोराच्या मनात चांदणं म्हणजे काय ते तिला कळलं.

“या तुम्ही गरम केल्याच नाहीत.”

“केल्या की. रोज करतो.”

“भाजलेल्या गव्हाला मोड येत नाहीत, बाबा.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, बुटाची नाडी बांधून दिली आणि मग म्हणाली, “मोजे काढा.”

डावा निघाला. उजवा निघायला वेळ लागला. अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांवर नवी कातडी आली होती, गुलाबी, ताणलेली, चकचकीत. भाजल्याची खूण ओळखायला टेलरला कोणी शिकवायला लागत नाही. इस्त्रीचे डाग तिच्या स्वतःच्या हातावर होतेच.

“पहिल्याच दिवशी,” बाबा म्हणाले. “तापवून मुठीत घेतल्या. जरा जास्तच तापल्या असतील. दुकानावर जाऊन बसलो, तरी मूठ तशीच. मोजेवाली म्हणाली, काका, काहीतरी करपल्याचा वास येतोय. मी म्हटलं, कोणाचं तरी जळत असेल. मग तिनेच माझी मूठ उघडली.”

“दुखलं नाही?”

“दुखलं असतं तर सोडलं नसतं का?”

ताईने तो हात आपल्या हातात घेतला. हात गरम होता. व्यवस्थित गरम, माणसाचा असावा तसा. तिने अंगठ्याच्या टोकाला नखाने जरा जोरात दाबलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते, हिने दाबलं की नाही या विचारात. इतके दिवस ती ज्या थंडीशी लढत होती ती त्या हातात नव्हतीच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तेही दुपदरी फ्लॅनेलचं.

कधीपासून, असं तिने विचारलं. उन्हाळ्यापासून, ते म्हणाले. आधी टोकं बधिर झाली, मग पेरं. कुलपात तार घातली की पूर्वी आत सगळं दिसायचं, आता भिंतीत तार घातल्यासारखं वाटतं. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला दर सांगावा तसा.

“उन्हाळ्यात लोकांना काय सांगणार? थंडी कधी पडते याची वाट बघत होतो. निदान निमित्त तरी मिळेल म्हटलं.”

हे ऐकून मात्र ताईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. मला का नाही सांगितलंत, असं ती ओरडून म्हणाली. त्यांनी शांतपणे उलट विचारलं, सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? खोटं बोलण्याचा वाटा त्या दिवशी बाबांनी संपवला होता, म्हणून तिने खरं सांगितलं. “दुकान बंद करायला लावलं असतं.”

“मग?” बाबा म्हणाले.

डॉक्टरकडे जायला त्यांनी नंतर खळखळ केली नाही. गुपित फुटलं की हट्टालाही काही अर्थ राहत नाही. डॉक्टरने रक्त तपासलं, बोटांना टाचणी टोचून पाहिलं आणि सांगितलं की रक्तात साखर वाढलेली आहे, तीही बरीच आधीपासून. तिने नसा खाल्ल्यात. गेलेलं परत येईलच असं नाही, पण राहिलेलं औषधाने राखता येईल. हात रोज डोळ्यांनी तपासायचे, कुठे कापलं-भाजलंय का बघायचं, गरम वस्तू मुठीत धरायची नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. येताना रस्त्यात ताई काय काय बोलत होती. ते फक्त हूं म्हणत होते.

त्यानंतर ते पत्र्याखाली गेलेच नाहीत. ताईने बंद करायला लावलं नव्हतं, उलट किल्ल्या तरी कापा म्हणून मागे लागली होती. पण तिला ज्याची भीती होती ते सुरू झालं. दुपारी जावं तर बाबा सकाळच्याच कपड्यांत खुर्चीवर. डबा अर्धा परत यायचा. मोजेवाली रोज रस्ता ओलांडून विचारून जायची. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, ताई, पण काकांनी शपथ घातली होती, असं म्हणायची आणि तोंड फिरवायची. ताईने तिच्यावर राग धरला नाही. एकाच माणसाने एकीला गप्प बसवलं होतं आणि दुसरीला फसवलं होतं.

एक दिवस बाबांनी बसल्या जागेवरून विचारलं, शटरचं कुलूप कापलंस का? नाही, ती म्हणाली. का नाही कापलं? तिने ताटात भाजी वाढली. बाबांनी ताट जवळ ओढलं. मग म्हणाले, अजून एक जोडी शिव, छोटी. माप मात्र तुझ्या मुठीचं घे. कशाला, असं तिने विचारलं. “शिव तर,” एवढंच ते म्हणाले, आणि ताटातलं सगळं जेवले.

तिने शिवली. नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्या शिल्लक होत्या. स्वतःच्या मुठीचं माप घेताना तिला विचित्र वाटलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्याला आपलं माप घ्यायची सवय नसते. जोडी बाबांना नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोळाकडे वळत होती, तर शटरपाशी बाबा उभे. दाढी केलेली, नीट बटणं लावलेली. बटणं लावायला किती वेळ लागला असेल ते तिने विचारलं नाही. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी टॉवेल सोडला, आतली एक पिशवी काढून गालाला लावली, मग दुसरी लावली.

“गालाला कळतं अजून. बरोबर तापल्यात. धर.”

“मला कशाला?”

“आधी हात गरम कर. गार बोटांना कुलूप काही सांगत नाही.”

ती पिशव्या मुठीत धरून थंडीत उभी राहिली. बोटं सैल झाली तेव्हा बाबांनी तारा तिच्या हातात दिल्या आणि शेजारी गुडघ्यावर बसले. तिचं बोट आपल्या बोटाखाली धरायला त्यांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला. त्याऐवजी बोलू लागले. खालची तार जरा दाबून धर. सुई धरतेस तशी, तेवढीच. वरची आत घाल, पार मागे. आता पुढे ओढत आण, घाई नको. काही लागतंय? खरखर लागतेय. तो मळ, त्याला सोड. आता? काहीतरी दाण्याएवढं आहे, हलतंय. त्याला हळूच वर उचल. उचललं. खाली आलं परत. मग खालची तार सैल सुटली तुझी. पुन्हा.

मोजेवाली रस्त्यापलीकडून बघत होती. एक गिऱ्हाईक आलं, जाकिटाची झिप गळ्याशी अडकलेलं, हनुवटी आत खुपसलेलं, आणि निमूट बाजूला उभं राहिलं. मांडीवर ठेवलेल्या पिशव्या निवल्या तेव्हा बाबांनी त्या काढून घेतल्या. ताईला एकदा वाटलं, हे आपल्याला जमणार नाही, पण बाबांचं तोंड बघून ती उठली नाही. लहानपणी उठून गेली होती तेवढं पुरे. पुष्कळ वेळाने तिच्या बोटाखाली एक दाणा वर गेला तो वरच राहिला, मग दुसरा, मग बाकीचे भराभर, आणि कुलपाची कडी सुटून तिच्या तळहातावर आली.

मोजेवालीने पलीकडून टाळ्या वाजवल्या. ताई शटर वर करायला उठली, पण बाबांनी तिला बाहीला धरून थांबवलं.

“कसं लागलं ते सांग.”

“कुठलं?”

“शेवटचं. सुटलं तेव्हाचं. बोटाला कसं लागलं?”

ती परत खाली बसली. आठवून सांगू लागली, की आधी टोकाला बारीकशी थरथर आली, मग जरासं अडलं, आणि मग तांदळाच्या दाण्यावर पाय पडून तो सरकावा तसं काहीतरी सरकलं आणि सगळं मोकळं झालं. बाबांनी डोळे मिटले होते. उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर हळूहळू घासत होते, भाजलेल्या जागेवर.

“परत सांग,” ते म्हणाले.

तिने परत सांगितलं. झिपवाल्या गिऱ्हाइकाने घसा खाकरला आणि ताई, माझं जरा बघता का, असं अडकलेल्या आवाजात विचारलं. थोडं थांबा, असं ताई म्हणाली, आणि बाबांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, या वेळी अजून सावकाश.